बिनचुणीचा घेर

"बाई, माझ्या स्कर्टला शून्य का दिलंत?" भर वर्गात हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. मी विचारलंच.

"सगळ्यांच्या गोल घेराला चुण्या आल्यात, तुझ्याच नाहीत," शिवणाच्या बाई म्हणाल्या. "म्हणजे शिंप्यानंच शिवलाय."

माझं डोकंच सटकलं! "बाई, गोल कडा नुसती दुमडली की कापड जास्तीचं होतं, म्हणून चुण्या पडतात. मी आधी कडेनं धावदोरा घातला, तो हळूहळू ओढून कापड सारखं बसवलं, इस्त्री केली आणि मगच शिलाई मारली."

"पाठांतर छान आहे," बाई हसल्या. मैत्रिणीसुद्धा!

घरी आले तर आई म्हणते, "बाईंचा फोन आला होता. मी माफी मागून टाकली गं. उगाच वाद कशाला?"

"आई, रविवारभर मशीनवर कोण बसलं होतं? तू पाहिलंस ना?"

"सोड ना, बाळा," पप्पा म्हणाले. "पास होण्यापुरते मार्क देतायत त्या."

"नकोत मला! उद्या मी वर्गात सगळा घेर उसवणार आणि बाईंच्या टेबलाशी बसून परत शिवणार. आणि आई, तू येऊन तुझी माफी परत घ्यायचीस."