चौकडीचा शर्ट

कड्यावरून घोड्यासकट कोसळून ऑर्विलचं कंबरडं मोडलं, त्याला दोन वर्षं झाली. हॉलीवूडच्या स्वस्तातल्या काउबॉयपटांत हिरोऐवजी पडायचं, यावरच त्याचं पोट चालायचं.

आज स्टुडिओच्या फाटकातून त्याला नवा हिरो दिसला. अंगात तस्साच चौकडीचा शर्ट, त्या दिवशी पडताना ऑर्विलच्या अंगात होता तसा. हिरो आणि त्याच्याऐवजी पडणारा, दोघांचे कपडे सारखे लागतात. म्हणजे आपली आठवण झाली तर! तो लंगडत घरी गेला आणि जपून ठेवलेला तो शर्ट घालून दिग्दर्शकापुढे येऊन उभा राहिला.

"साहेब, बसतो मी आता घोड्यावर. आहे ना कड्याचा सीन?"

"आहे की! पण तू कशाला पुन्हा हाडं मोडतोस, बाबा? तू पडलास ते जुनं रीळच जोडतोय.

"त्या रिळाला जुळावा म्हणून तर हिरोला तसला शर्ट शिवला!"