या वेळी धोका माहीत आहे

"एक मुलगी आहे, पुरे झालं," डॉक्टरबाईंसमोर बसताच प्रल्हाद म्हणाला. हेमांगीने मान खाली घातली. चार वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात तिचं प्रेशर एकाएकी चढलं होतं आणि ओवीला घाईने बाहेर काढावं लागलं होतं. तेव्हापासून दुसऱ्या बाळाचा विषय निघाला की तो उठूनच जायचा.

"भीती कसली वाटते तुम्हाला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हिला आत नेताना सही मी केली होती," तो अडखळत म्हणाला. "तशी सही पुन्हा नाही करवणार."

हेमांगी बघतच राहिली. तिला वाटायचं, त्याला दुसरं मूलच नकोय.

"धोका आहेच, पण या वेळी तो आधीपासून माहीत आहे. आता तपासण्या करू, दिवस राहिले की वेळेवर गोळी सुरू करू. घरी प्रेशर तुम्ही मोजायचं. या, शिकवते." त्यांनी पट्टा त्याच्याच दंडाला गुंडाळला. "अहो, दीडशे! आधी बाबांनाच औषध द्यावं लागणार!"

हेमांगीला हसू आवरेना. प्रल्हादही ओशाळून हसला.

खाली औषधांच्या दुकानात त्याने मशीन मागितलं. "चांगलं टिकाऊ द्या," तो म्हणाला, "वर्षभर रोज लागणार आहे."