सातवी पायरी

दुपारी चार वाजता पश्चिमेच्या भिंतीची सावली वरून सातव्या पायरीला टेकते. साडेचारपर्यंत ती उरलेल्या पायऱ्या उतरून मैदानात जाते. मॅल्कम बाप्टिस्टला हे सांगायला घड्याळ लागत नसे. घोडपदेवच्या संघाची मॅच असली की तो सातव्या पायरीवर मोठा ड्रम ठेवायचा. त्याच्या आधी त्याचे वडील ठेवायचे. चाळीस वर्षांत ड्रमची जागा फक्त एकदा बदलली होती. आभाळ भरून आलं म्हणून कुणीतरी मध्यंतराला तो खाली नेला, आणि दोन गोलनी पुढे असलेला संघ त्या दिवशी हरला. तेव्हापासून मॅच संपेपर्यंत ड्रम जागेवरून हलवायचा नाही, असा दंडकच झाला होता.

आज मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा ड्रम जागेवर होता, सावली मैदानात पोचली होती आणि स्कोअर शून्य-शून्य होता.

"ते बघा अंकल, निघाली जत्रा," शेजारी झांज वाजवणारा हर्षवर्धन म्हणाला. "बायका-पोरांना कुठला आलाय फुटबॉल! चौथी मॅच ही. चारही वेळा हाफ टाइमला घरी."

समोरच्या, पूर्वेच्या पायऱ्यांवरून माणसं उठत होती. तिथे भिंतीवर फुगे रंगवले होते आणि 'कुटुंब कट्टा' असं लिहिलं होतं. अख्ख्या घराला तीस रुपये, पाच वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. शिवी दिली तर बाहेर. तान्ह्या बाळांसाठी एका कोपऱ्यात पडदा लावलेली जागा. हे सगळं क्लबच्या सेक्रेटरीने, संघमित्राने, कमिटीशी दोन वर्षं भांडून मिळवलं होतं. ती माटुंग्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. कमिटीने तिला चार मॅचेस दिल्या होत्या. आज लोक शेवटपर्यंत थांबले नाहीत, तर उद्यापासून कट्टा बंद.

मॅल्कमची मुलगी ऑलिव्हिया तिथेच बसली होती. तिची लेक चार वर्षांची. आजीच्या नावावरून तिचं नाव मेबल ठेवलं होतं. बापाच्या पायऱ्यांवर शिव्यांचा पाऊस पडतो म्हणून ऑलिव्हिया एरवी मैदानाकडे फिरकत नसे. आज ती पहिल्यांदाच आली होती. पहिला सगळा हाफ ती लेकीच्या डोक्यावर ओढणी धरून बसली होती. मॅल्कमला ते इथून दिसत होतं. त्याने दोनदा तिकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा ड्रम जरा जोरात वाजवला.

त्याने पेप्सीकोलाच्या दोन गार कांड्या घेतल्या आणि मैदानाला वळसा घालून पलीकडे गेला.

मेबल आईच्या मांडीवर होती, पाय वर घेऊन.

"खाली बस ना गं, राणी," मॅल्कम म्हणाला.

"नको ग्रॅन्पा. पायरी चावते."

कांड्या ऑलिव्हियाकडे देऊन त्याने पायरीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"बारा वाजल्यापासून तापतेय ती, डॅडी," ऑलिव्हिया म्हणाली. "आम्ही निघतो. हिचे गाल बघा कसे झालेत. मॅच मस्त आहे, पण आता नाही बसवत." ती चपला शोधू लागली. "तुमचा ड्रम ऐकला हां हिने. प्रत्येक ठोक्याला टाळ्या वाजवत होती."

संघमित्रा पाण्याची जड बाटली घेऊन पायऱ्या चढत आली. जाणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवत होती आणि प्रत्येक जण तिला हसून, मान हलवून पुढे जात होता. मॅल्कमला पाहून तिने बाटली खाली ठेवली.

"संपलं, अंकल. आता कमिटीला मीच सांगते. लाज वाटते हो! मुलांना सूर्य कुठून कुठे जातो ते मी शिकवते, आणि जागा बघायला कधी आले? सकाळी नऊला. शाळा अकराची, म्हणून. मागच्या गोदामाची सावली होती इथे, कसं गार वाटत होतं. तुम्हीही होतात ना बरोबर? तुम्हीसुद्धा म्हणालात, जागा झकास आहे."

"म्हणालो होतो," मॅल्कम म्हणाला.

"मग? दोघंही फसलो."

मॅल्कमने मैदानापलीकडे पाहिलं. पश्चिमेच्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत निळसर सावलीत होत्या. दोनशे माणसं बसतील अशा जागेत वीस-पंचवीस पुरुष पाय पसरून बसले होते. मधोमध, सातव्या पायरीवर, ड्रम होता. त्या सकाळी संघमित्राने भिंतीवर खडूने पहिला फुगा काढला होता, तेव्हा बोलायला दोन शब्द पुरले असते. पण त्यानंतरचा प्रश्न त्याला माहीत होता. मग सावली कुठे असते, अंकल? तो प्रश्न येऊ नये म्हणून तो तेव्हा गप्प बसला होता. नंतरच्या तिन्ही मॅचेसनाही गप्पच बसला.

"तू फसलीस," तो म्हणाला. "मी नाही. चार वाजता इथे काय होतं, ते मला चाळीस वर्षं ठाऊक आहे."

ऑलिव्हियाच्या हातातली चप्पल हातातच राहिली.

मॅल्कम कठड्यापाशी गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरले. मैदान रिकामं होतं. आवाज थेट पलीकडे पोचला.

"हर्षा! ड्रम उचल!"

हर्षवर्धन उठून उभा राहिला. "काय झालं, अंकल?"

"इकडे आण. सगळ्यांना घेऊन ये."

"येडे झालात काय? मॅच चालू आहे! हरू ना आपण!"

गेटपर्यंत पोचलेली माणसं वळून बघू लागली. मॅल्कमने मेबलला कडेवर घेतलं.

"हरलो तर हरू," तो ओरडला. "आपण उन्हात बसायचं, पोरं सावलीत बसतील!"