बक्षिसाची गिटार

बोरी बुद्रुकच्या शाळकरी संस्कृतीचा गिटारवादनात जिल्ह्यात पहिला नंबर आला, तेव्हा माजी सरपंच भिमाजी आबांनी तिला बारा तारांची गिटार बक्षीस द्यायचं जाहीर केलं. पसंती तिची असावी म्हणून तिलाही दुकानात नेलं.

संस्कृतीनं तासभर एकेक गिटार वाजवून पाहिली. बारा तारा दाबताना बोटं सोलून निघत होती. शेवटी एक वापरलेली गिटार तिच्या लहानशा हातात अलगद बसली. किंमतही निम्मी. "आबा, हीच!" ती हरखून म्हणाली.

आबांनी ती पोटाशी धरून दुकानाच्या काचेत स्वतःकडे पाहिलं. मग भिंतीवरची मोठी, चकचकीत गिटार काढायला लावली, पुन्हा काचेत पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "ही बांधा."

संस्कृतीनं तिच्या तारा दाबून पाहिल्या. बोटं पुरेनात. "आबा, ही मला नाय वाजवता येणार."

"तुला काय, जलमभर वाजवायचीय, व्हईल सवय," आबा म्हणाले. "मला फोटोत एकदाच धरायचीय, ती तरी नीट दिसाया नको?"