मधुकररावांच्या बाजूची खुर्ची

"फोन दे इकडं," मधुकरराव म्हणाले.

रीतानं दिला. त्यांनी तो खिशात टाकला अन् बाजूच्या खुर्चीवर थाप मारली. "बस. आज सासऱ्याजवळ बसून पाहाजो."

रीता बसली. समोर स्टेजवर तिच्या बँडचा प्रफुल ड्रम ठोकून पाहून राह्यला होता. लोक गायिकेची वाट पाहत होते. अन् गायिका इथं, सासऱ्याच्या बाजूले.

पाहा ना, वर्धा जिल्ह्यातली पहिली पंक गायिका रीताच. पंक म्हणजे गिटार, सुसाट ड्रम अन् बेंबीच्या देठापासून ओरडणं. नालवाडीत पहिल्यांदा गायली तेव्हा लोक कमी, खुर्च्या जास्त. मंग जाम गावाले, हायवेवरच्या ढाब्यासमोर. ट्रकवाले ताट सोडून उठले. मंग थेट नागपूर. पण चेहरा कोणी पाह्यला नाई. उन्हात गाडीवर पोरी बांधतात तसा डोळ्यांपर्यंत स्कार्फ, हातात लांब मोजे. घरी ती किराणा दुकानवाल्यांची सून. नवरा गजेंद्र पुण्याले नोकरीवर.

रियाज स्वयंपाकघरात, मिक्सर लावून. त्यापायी रोज शेंगदाण्याची चटणी. दाराशी शेंगदाणे सोलत बसणाऱ्या सासू सुलोचनाबाई कालच कुरकुरल्या, "तुह्या चटणीनं माहा घसा बसला व. उद्या मी काई येत नाई गाणेबिणे पाहाले."

मधुकररावांनी मात्र मोबाइलवर व्हिडिओ पाह्यला होता. "हे बाई आपल्या रीतासारखी उभी राह्यते," म्हणाले होते. "तू तीच निघाली तर सामान बांध अन् माहेरी जा."

आज मुंबईचा रेकॉर्ड कंपनीवाला तिले ऐकाले पहिल्या रांगेत बसलेला. गायली तर माहेर. नाई गायली तर सगळं खतम.

"घाम काऊन येऊन राह्यला तुले?"

"गरम होते, बाबा."

तेवढ्यात ड्रम सुरू झाला अन् स्टेजवर एक बाई आली. तोंडाले स्कार्फ, हातात मोजे. तिनं माइक धरला अन् अशी ओरडली की मागचे पोट्टे खुर्च्यांवर चढले.

रीता पाहतच राह्यली. गाणं तिचं, शब्द तिचे. प्रफुलनं दुसरी आणली? तिले न सांगता? अन् या बाईचा आवाज असा खरखरीत, असा भारी, की रेकॉर्डवाला उभा राहून शूटिंग करू लागला. रीताच्या डोळ्यांत पाणी आलं.

मधुकररावांनी फोन तिच्या हातात दिला. "चुकलं बेटा माहं. उगाच शक घेतला." अन् चक्क टाळ्या वाजवल्या. "पण बाई जबरदस्त हाय."

दुसरं कडवं आलं अन् बाई अडकली. शब्द आठवेनात. रीताचे ओठ आपोआप हलले, पण इतक्या दूर काय दिसणार. ड्रम चालूच. पब्लिक ओरडू लागलं, "म्हण ना व बाई, म्हण."

बाईनं एकदा सगळ्या गर्दीकडं पाह्यलं, माइक तोंडाजवळ घेतला, अन् घरच्या बायांनी घेरल्यावर जे तोंडात येते तेच बेंबीच्या देठापासून ओरडली:

"आर्वी नाक्यावर भजे तळले गरम,
मधुकररावांचं नाव घेते, सोडली मी शरम."