जादा वीजवापर

इन्स्पेक्टरचे आईबाबा वेगळे झाले. तिला सांगताना मात्र तसं काही झालंच नव्हतं. बाबांना ऑफिस लांब पडत होतं, म्हणून ते तिकडे राहायला गेले होते, एवढंच.

घरभर दिव्या-पंख्यांची बटणं बंद करत फिरते म्हणून बाबांनीच लेकीला 'इन्स्पेक्टर' हे नाव ठेवलं होतं. "एकात भागतंय ना, मग दुसरं कशाला लावायचं?" हा धडाही त्यांचाच.

शनिवारी आई तिला बाबांच्या नव्या फ्लॅटवर सोडायला आली. चपला न काढताच इन्स्पेक्टरने पाहणी सुरू केली. गीझर नवा, टीव्ही नवा. फ्रिज उघडला, तर आत एक बाटली आणि अर्धं लिंबू.

"बाबा, लिंबासाठी अख्खा फ्रिज?"

"लागतो गं."

"आपल्या घरी आहे की. तोही आता अर्धा रिकामाच असतो."

बाबांनी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. दारातली आई पिशवीची चेन उघडत-लावत राहिली. इन्स्पेक्टरने दोघांकडे पाहिलं आणि शाळेतली सूचना वाचावी तशा आवाजात म्हणाली,



"माणसं तीनच असून घरं दोन चालू आहेत. तरी त्यातलं एक ताबडतोब बंद करण्यात यावं, ही नम्र विनंती."