दुसऱ्या गोष्टीतून आलेली

टीव्हीवरच्या गेममधली हरलेली लढाई मनीषाने पुन्हा सुरू केली, तेव्हा वेणू तिच्या मांडीला चिकटून बसली होती. दीपमाला स्वयंपाकघराच्या दाराशी गवार मोडत होती, आणि गवारीपेक्षा जास्त त्या दोघींकडेच बघत होती.

इंदिरानगरच्या या घरात येऊन तिला आठ महिने झाले होते. वेणू तिची, बारा वर्षांची मनीषा नवऱ्याच्या, कुंदनच्या, पहिल्या बायकोची. पोरी भांडत नव्हत्या, हेच नशीब. पण मनीषाने तिला अजून कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. आई नाही, मावशी नाही, साधं काकूसुद्धा नाही. काही हवं असलं की ती समोर येऊन उभी राहायची आणि दीपमालाची मान वर होईपर्यंत थांबायची. जेवताना "तुम्ही घेतलं का?" एवढं मात्र न चुकता विचारायची. ते "तुम्ही" दीपमालाला टोचायचं.

"ही सशाच्या कानांची कोण?" वेणूने टीव्हीवर बोट टेकवलं.

"काचेला हात नको लावू. ती धनुष्यवाली. दुसऱ्या गेममधली आहे."

"मग इथे कशाला आली?"

"ह्याच्यात तसंच असतं गं. वेगवेगळ्या गोष्टींतले हीरो एका ठिकाणी येतात. तो लोखंडी हाताचा म्हातारा आहे ना, त्याचं गाव बुडालं म्हणून आला. मग सगळे मिळून लढतात. पहिल्या भागात चौघंच होते. आता चौथा भाग चालू आहे, तर केवढी गर्दी झालीय बघ."

"भांडतात का ते?"

"सुरुवातीला. मग नाही."

दीपमालाच्या हातातली शेंग तशीच राहिली. मनीषा एका दमात एवढं बोललेली तिने कधी ऐकलं नव्हतं.

"आणि इथे आल्यावर त्यांचं नाव काय ठेवतात?" वेणूने विचारलं.

पाच वर्षांची असली तरी तिने पाहिलेलं ती विसरली नव्हती. पंचवटीतल्या देवळात, लग्नाच्या वेळी, कुंदनने ताटातल्या तांदळात अंगठीने अक्षरं काढली होती, आणि दीपमालाची शालन झाली होती. शालन म्हणजे मनीषाची आई. "आमच्या तोंडात तेच बसलंय," सासूने, लंकाबाईंनी, आदल्या दिवशी सांगून टाकलं होतं. "आणि गेलेल्या बाईचा जीवही शांत राहतो. आपल्या जागी परकी आणली, असं तिला वाटत नाही." दीपमाला बी.ए. झालेली. तिला यातलं काडीचं पटलं नव्हतं. पण पदरात पोर होतं. शिवाय मनात असंही आलं होतं की ठीक आहे, त्या मुलीच्या कानांना नाव ओळखीचं वाटेल, लवकर रुळेल बिचारी.

"नवीन नाव नाही ठेवत," मनीषा म्हणाली. "जुनंच राहतं."

"का?"

"का म्हणजे? त्यांचं ते त्यांचं असतं. येडीच आहेस."

"माझ्या आईचं तर बदललं."

मनीषाच्या हातातल्या बटणांचा आवाज वाढला. दीपमालाला वाटलं, उठावं आणि वेणूला काहीतरी निमित्त काढून बाहेर न्यावं. तेवढ्यात आतल्या खोलीतून लंकाबाईंची हाक आली.

"शालन!"

मनीषाची बोटं थांबली. मान वळली. दीपमालाकडे नाही, बाहेरच्या दाराकडे. क्षणभरच, मग ती पुन्हा पडद्याकडे बघू लागली. तोवर पडदा लाल झाला होता आणि धनुष्यवाली खाली कोसळली होती.

"ताई, मेली ना ती!" वेणू ओरडली. "तू परत थांबलीस! मघाशी पण अस्संच केलंस!"

मघाशी. मघाशी लंकाबाईंनी गोळी घ्यायला पाणी मागितलं होतं. आणि सकाळी, चहासाठी हाक आली तेव्हा, वेणी घालता घालता पोरीचा हात केसांतच राहिला होता. काल ताट घेऊन जाताना ती मध्येच उभी राहिली होती, दीपमाला म्हणाली होती, "अगं, सांडेल." आपण समजत होतो, हिचं लक्ष नसतं. रोज, उठल्यापासून निजेपर्यंत, या घरात ते नाव पुकारलं जात होतं, आणि दर वेळी ही पोर दाराकडे बघत होती.

"शालन! अगं, कानात बोळे घातलेस का?"

दीपमालाने ओ दिली नाही. तिने गवारीची परात बाजूला सारली. सासूशी वाकडं घेऊन या घरात आपले किती दिवस निघतील, कुंदन सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून आला की काय म्हणेल, सगळं डोळ्यांसमोर आलं. तरी ती उठली आणि मनीषाच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मनू," ती हळूच म्हणाली, "आजपासून मी या नावाला ओ देणार नाही. आत जाऊन आजींना सांगते. माझं नाव..."

"शालन! ए शालन!"

मनीषाने वळून पाहिलं नाही. तिचे खांदे कानांपर्यंत वर आले होते. दोन्ही अंगठे बटणांवर दाबून पांढरे पडले होते.

"ओ द्या ना," ती म्हणाली. "तुम्ही ओ दिली नाही की आजी परत हाक मारते."